अहवालात न आलेला खांदा

कुंभकोणमच्या एका कॉलेजात बारा वर्षं संख्याशास्त्र शिकवून मी नोकरी सोडली, तेव्हा अप्पा, माझे वडील, एवढंच म्हणाले, "आता कोणीकडे जाणार?" आमच्या घरातलं मराठी असंच जुनं, पूर्वजांबरोबर तंजावरला आलं आणि तिथेच थांबलेलं. खेळांच्या आकडेवारीचं काम म्हणजे काय, ते मी त्यांना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. पटलं असं काही म्हणाले नाहीत.

वर्षभर ऑनलाइन कोर्स केला. बरोबरचे सगळे माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. मग प्रत्यक्ष कामाचा अनुभव हवा म्हणून मेलकावेरीतल्या मुलींच्या व्हॉलीबॉल संघाच्या कोचना भेटले. त्यांना फारसा विश्वास नव्हता, तरी सामन्यांचे व्हिडिओ दिले.

रोज सकाळी एकेक फटका थांबवून पाहायचा, कोणी मारला, कुठे पडला, गुण मिळाला की गेला, सगळं नोंदवायचं. महिनाभरात एक गोष्ट स्वच्छ दिसली. संघातल्या सर्वांत उंच मुलीचे फटके सामन्यागणिक मंदावत चालले होते. ती इन्नंबूरहून बसने यायची. मी अहवालात तसं लिहिलं आणि बिनचूक लिहिलं म्हणून खूशही झाले. कोचनी जिल्हा स्पर्धेच्या संघातून तिला वगळलं.

ती सरावाला यायची बंद झाली. एकदा तिची मैत्रीण सहज म्हणाली, "तिचा खांदा दुखत होता ना, मॅडम. कुणाला सांगू नको म्हणाली होती."

सामन्याआधी तिची वेणी ही मैत्रीणच घालून द्यायची, तिचा हात वर जात नसणार म्हणून. व्हिडिओत मी ते कितीदा तरी पाहिलं होतं. पण तेवढा भाग मी पुढे पळवायची, कारण खेळ अजून सुरू झालेला नसायचा.

मी इन्नंबूरला गेले. तिच्या आईने ताक दिलं. मी त्या मुलीला तमिळमध्ये म्हटलं, "चुकलं माझं. तुला विचारायला हवं होतं."

"विचारलं असतं तरी मी काही दुखत नाही असंच सांगितलं असतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुम्ही लिहिलंत ते खोटं नव्हतं, मॅडम."

ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

कोचना सांगितलं, पण संघ जाहीर झाला होता. तिला मी डॉक्टरांकडे नेलं. खांदा बराच दुखावलेला होता, काही महिने विश्रांती सांगितली. घरी येऊन अप्पांना सगळं सांगितलं. ते तरुणपणी हाच खेळ खेळलेले. ऐकून म्हणाले, "मीही गुडघा लपवायचो. बाहेर बसवतील म्हणून."

पुढे मला एका संघाकडे काम मिळालं. आता अहवाल देण्याआधी मी प्रत्येक खेळाडूशी बोलते. काही जणी खरं सांगतात, काही सांगत नाहीत.

ती परत खेळायला लागली, पण मागच्या फळीत, बचावाला. तिला जाळीजवळ उंच उडी घेताना मी पुन्हा पाहिलं नाही.