अर्ध्या कपाचा नियम

दर शनिवारी शहरातल्या सदर भागात एका हॉलमध्ये आम्ही जमतो. कंपवाताचे पेशंट आणि त्यांना घेऊन येणारे. इथं कोणी विसरत नाही अशी एकच गोष्ट, किस्से. गोळी घरी राहते, चष्मा ऑटोत राहतो, किस्सा मात्र प्रत्येकजण आठवणीनं घेऊन येतो.

पेशंट माझी बायको, सुमन. मी सोबतीचा. आयुष्य शहराबाहेरच्या वाडीत गेलं, ट्रान्सपोर्टच्या गोदामात, बिल्ट्यांवर म्हणजे मालाच्या पावत्यांवर शिक्के मारण्यात.

*

आमच्याकडे चहा अर्धाच कप मिळतो. देशकर बाबू, तहसील ऑफिसातून रिटायर झालेले, पहिल्या दिवशी कप पाहून रागावले.

“काहून, चहा संपला का?”

चहा वाढणाऱ्या कांबळे ताईंचे स्वतःचे हात हलतात. त्या म्हणाल्या, “चहा लय हाये भाऊ. पण पुरा भरला का तो शर्टालेच भेटते!”

*

एकदा एका क्लिनिकचा टायवाला माणूस आला. स्टेम सेलचं इंजेक्शन विकायला. “तुमच्याच हाडातल्या पेशी काढतो आणि तुम्हालाच देतो. मेंदू पुन्हा कामाला लागतो!”

कांबळे ताई म्हणाल्या, “म्हणजे माह्याच घरचं सामान मलेच विकून राहिले का?”

सगळे हसले. तोही हसला. त्याला सवय असावी.

सुमन हसली नाही. तिनं विचारलं, “यानं साडीची पिन लावता येईन का?”

“सहा महिन्यांत, माताजी!”

तिची पिन रोज सकाळी मी लावतो. तीनदा तरी तिला टोचते.

*

सुमनला बाहेर बाकावर बसवून सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमना मी इंजेक्शनचं विचारलं. त्या म्हणाल्या, “काका, यावर खरं संशोधन चालू आहे, आशाही आहे. पण अजून काही सिद्ध झालेलं नाही. आणि एक लक्षात ठेवा. औषधाची चाचणी चालू असते तेव्हा पेशंटकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात. हे लोक घेतात.”

परत येताना सुमन म्हणाली, “खरं औषध कधी येईन म्हणे?”

“बरीच वर्षं लागतील म्हणते.”

“अन् माह्याजवळ किती हायेत, ते विचारलं का?”

ते विचारायचं राहिलंच होतं.

*

क्लिनिकचा फॉर्म आला. सात पानं, सगळा इंग्रजीत. मी चौथी शिकलेला. पण एक शब्द लगेच ओळखीचा निघाला, ‘रिस्क’. गोदामात बिल्टीवर मी तोच शिक्का मारायचो, ‘ओनर्स रिस्क’. माल फुटो, भिजो, ट्रक उलटो, जोखीम मालकाची. आम्ही मोकळे!

मी म्हणालो, “सुमन, यात माल तू हायेस.”

“अन् मालक?”

लगेच तीच म्हणाली, “मालकीण बी मीच. करा सही.”

शनिवारी सकाळी पिन लावली. टोचली. मी सही केली. संध्याकाळी सदरवरून तसंच क्लिनिकला जायचं ठरलं.

*

त्याच शनिवारी देशकर बाबू आले. त्यांनी त्याच क्लिनिकचं इंजेक्शन घेऊन दोन महिने झाले होते. छाती पुढे काढून चालत होते.

“फरक पडला! एकदम! ताई, आज मले पुरा कप!”

टाळ्या झाल्या. ताईंनी काठोकाठ कप भरला. देशकर बाबूंनी हात टेबलाखाली ठेवले.

“घ्या ना, भाऊ.”

“गरम आहे.”

आमचा हातांचा व्यायाम झाला. एकाचा वाढदिवस होता, पेढे वाटून झाले.

“घ्या आता.”

“गरम आहे अजून.”

चहावर साय धरली होती. कोणीच त्यांच्याकडे पाहत नव्हतं.

सुमन उठली. त्यांचा कप उचलून अर्धा चहा तिनं आपल्या रिकाम्या कपात ओतला. तिच्याच्यानं जेवढा कपात गेला तेवढा गेला, बाकीचा टेबलावर. उरलेला अर्धा कप तिनं त्यांच्यासमोर ठेवला.

“घ्या भाऊ. आता थंडा झाला.”

त्यांनी दोन्ही हातांनी कप धरला आणि प्यायले.

सुमननं पर्स उघडली, सही केलेला फॉर्म काढला आणि ती त्यानंच टेबल पुसायला लागली. सातही पानं ओली झाली.

कांबळे ताई ओरडल्या, “अवं सुमन, फडकं हाये ना वं इथं!”