बिनमटणाची गटारी

आमच्या घरची गटारी बिनमटणाची झाली, हे साताऱ्याकडच्या नातेवाइकांना अजून खरं वाटत नाही. मी मात्र तो विजय मिरवणारच.

सासरे फौजेतून निवृत्त झालेले, गेल्या वर्षी गावाहून गुरुग्रामला आमच्याकडे राहायला आले. मी मांस आणि दूध दोन्ही सोडलंय हे बघून रोज टोमणा ठरलेला. "गवत खाऊन जग वाचत नसतं, सूनबाई." मीही गप्प बसणारी नाही. धान्य जनावराला घालायचं आणि मग जनावर आपण खायचं, हा द्राविडी प्राणायाम जमिनीला, पाण्याला किती दिवस परवडणार? सोसायटीत पाण्याचा टँकर उशिरा आला की माझी जीभ जास्तच चाले. शेवटी बाबा वैतागले. "माझ्या पलटणीतल्या दोस्तांना तुझं बिनमटणाचं जेवू घाल. त्यांनी परत मागितलं तर या घरात मटण बंद. नाहीतर दर रविवारी मुकाट्यानं मटण रांधायचं." मी लगेच हो म्हटलं.

"पण गटारीला मटणच," त्यांनी बजावलं. श्रावणाआधीची शेवटची चंगळ ती, इकडेच स्थायिक झालेले पलटणीतले दोस्तही बोलावले होते. सकाळी पिशवी घेऊन गेले आणि रिकामीच घेऊन आले. उत्तरेतला श्रावण आपल्याआधी पंधरा दिवस लागतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. आसपासच्या मटणाच्या दुकानांची शटरं खाली होती.

"पाहुणे निघालेसुद्धा. अब्रू गेली," ते सोफ्यावर बसत म्हणाले. मला त्यांची दया आली, आणि खरं सांगते, नाचावंसंही वाटलं.

माझ्यापुरते म्हणून मोड आणलेले हुलगे पातेलंभर होते. कांदा-खोबरं थेट गॅसवर भाजलं, वाटलं, वर घाटी मसाला घालून लालभडक तर्री आणली.

"हुलगे? घोड्यांचं खाणं!" बाबांनी कपाळाला हात लावला.

दोस्त जेवायला बसले. मी पळी धरून प्रत्येकाच्या वाटीकडे बघत उभी. मग माण तालुक्यातल्या एका काकांनी भाकरीनं ताट पुसलं.

"दुष्काळात आईनं आम्हाला यावरच जगवलं. फौजेत गेलो आणि विसरलोच यार. पोरी, वाढ अजून."

मग एकामागून एक वाट्या पुढे आल्या. सगळ्यांत शेवटी बाबांची. मी ती काठोकाठ भरली.

श्रावण सरला, गणपतीही गेले. दुकानं उघडी होती. रविवारच्या दोन दिवस आधी बाबा तीच मटणाची पिशवी घेऊन बाहेर पडले आणि माझा चेहरा उतरला. शब्दाला जागतील असं वाटलं होतं.

तासाभरानं आले. पिशवी ओट्यावर ठेवली, चांगली जड होती.

"हुलग्यांना इथं कुलथी म्हणतात, तीन दुकानं हिंडलो," ते म्हणाले. "भिजत घाल. या रविवारी पलटण परत येतेय."