आठशे मीटर आणि अर्धा कप चहा

माझी लेक पोलीस भरतीची तयारी करत होती. भवानीनगरजवळ कालव्याच्या रस्त्यानं ती रोज सकाळी आठशे मीटर पळायची आणि मी मोबाईलवर वेळ लावून उभी राहायची. मी शाळेत शिकवते. पोरांना "पळा" म्हणायची मला सवय, स्वतः पळायची नाही.

एका सकाळी ती म्हणाली, "आई, नुसती उभी काय राहतेस? चल की माझ्याबरोबर."

संकष्टी होती. पोटात फक्त अर्धा कप चहा. तरी ओढणी कमरेला बांधली आणि निघाले. काय मजा वाटली! लग्नानंतर मी कधी अशी पळालेच नव्हते. लेक पुढं जायची, मागं वळून हसायची. तिला गाठायचंच म्हणून शेवटी सगळा जोर लावला, आठशे मीटरच्या खुणेच्या बाभळीपाशी पोचले आणि जागच्या जागी थांबले.

समोरचा ऊस पिवळा दिसायला लागला. "अगं, मला..." एवढंच म्हटल्याचं आठवतं.

डोळे उघडले तर वर चार चेहरे. शेजारच्या रानात भेंडी तोडणाऱ्या तिघी बायका धावत आल्या होत्या, आणि चौथी माझी लेक. एकीनं माझे पाय उचलून मांडीवर घेतले होते, दुसरी पदरानं वारा घालत होती.

"बाई, वळखलं का मला?" तिसरीनं विचारलं. "माझी पोरगी तुमच्याच वर्गात हाय. अभ्यास करती का न्हाय?"

"आगं, त्यास्नी आधी शुद्धीवर तर येऊ दे!" पाय धरणारी तिच्यावर खेकसली.

मला पडल्या-पडल्याच हसू फुटलं. लेक रडत होती, तीही रडता रडता हसायला लागली. उठून बसल्यावर त्या बायकांनी आपल्या फडक्यातला गूळ मला खायला लावला.

गावातल्या डॉक्टरांनी बीपी, साखर, ईसीजी सगळं पाहिलं. "उपाशी पळालात, वर एकदम थांबलात. पळून झालं की थोडं चालत राहायचं असतं," ते म्हणाले. "तरी पळण्यात शुद्ध गेली म्हणजे हृदय एकदा नीट तपासून घ्यायलाच हवं."

म्हणून दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या मोटरसायकलवर बसून बारामतीला गेले. वाटेत तो गाडी जरा जोरातच हाणत होता. मला वाटलं, रागावलाय. तपासणी झाली, हृदय ठणठणीत निघालं. औषध काही नव्हतंच, नुसतं बिल भरायला गेलेला हा माणूस तरी बराच वेळ बाहेर. जाऊन बघते तर बाकावरच्या एका अनोळखी आजोबांना सांगत होता, "आबा, आमची ही आठशे मीटर पळाली. पुरं आठशे!"

"पळाल्या? आन् मग दवाखान्यात कशापायी?"

"ते सोडा हो," नवरा म्हणाला. "पोलीस भरतीवाल्या आमच्या पोरीबरोबर पळाली, ते बघा."

मी दारातच उभी राहिले. त्याला आणखी थोडं बोलू दिलं.