भिंतीवर टांगायची सायकल आणि वरसाव्याचा रस्ता

त्या रविवारी सकाळी देवपूजा आटोपली, दोन गंजलेली चाकं सुतळीने एकत्र बांधली आणि मोरव्याला निघालो. मी राहतो भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कला. आधी भाईंदर पश्चिमेला यायचं, तिथून उत्तनकडे जाणारी बस धरायची. मोरवा वाटेतच लागतं. कंडक्टरने चाकांकडे पाहिलं. "काका, सायकलला लावूनच यायचं ना!"

"त्यासाठीच चाललोय," मी म्हटलं. बसमधले चार जण हसले.

सायकल माझीच. रत्नागिरीहून इथे आलो तेव्हा घेतली, आणि तेव्हाही ती जुनीच होती. काळी, उंच, सळईच्या ब्रेकची. काही वर्षांपूर्वी पार्किंगमधून कोणीतरी तिची दोन्ही चाकं काढून नेली. तेव्हापासून सांगाडा बाल्कनीत. यंदा वरसाव्याच्या एका ढाबेवाल्याने तो मागितला, भिंतीवर टांगायला. चाकं मात्र हवीत, आणि हाताने फिरायला हवीत. गिऱ्हाइकं फोटो काढतात म्हणे. मी हो म्हटलं. मी सगळ्यांनाच हो म्हणतो. घरी आल्यावर मात्र जेवण जाईना. तरी शब्द दिला होता, म्हणून भंगारवाल्याकडून ही चाकं आणली.

मोरव्याचे बाळाराम मिस्त्री सत्तरीचे, दुकान घराच्या ओट्यावर. त्यांनी चाक उचललं, फिरवलं. ते हेलकावे खात थांबलं.

"कंदी चालवाची हाय?"

"चालवायची नाही, टांगायची आहे."

"टांगाला मी कशाला पायजे? रंग मार न टांग." त्यांनी चाक माझ्या पायाशी ठेवलं. "मी चालनारी चाकां करतंय. टांगनारी न्हाय."

मी चाकं उचलून निघायला हवं होतं. पण तोंडातून निघालं, "बरं, चालणारी करा."

"मी सांगन, तू कर. माजं डोलं गेलं आता."

मग पुढचे तीन रविवार मी ओट्यावर. डिझेलात बुडवलेल्या काथ्याने रिमा घासल्या. गंजाखालून थोडी चमक वर आली, खड्डे राहिले ते राहिले. हब खोलले, छर्रे नवे टाकले, ग्रीस भरलं. पुढे बत्तीस स्पोक, मागे चाळीस. त्यातले अकरा बदलले. छर्रे, स्पोक, टायर-ट्यूब धरून दोन हजारांच्या आत झालं. दुपारी बाळारामकाकांच्या घरून तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी यायची. नको म्हणायची सोय नव्हती, आणि तशी इच्छाही नव्हती. जेवताना आमच्या भजनी मंडळाच्या गप्पा निघायच्या.

राहिलं चाकाचा आउट काढायचं, म्हणजे हेलकावा घालवायचा. खडू रिमेजवळ धरून चाक फिरवायचं; बाहेर आलेल्या जागी पांढरं लागतं. तिथला समोरच्या अंगाचा स्पोक पाव फेरा आवळायचा. मी घाईने एकच स्पोक आवळत सुटलो आणि चाक आणखी वाकडं झालं.

"अरं, तू भजनान काय वाजवतस?"

"पखवाज."

"त्याला ठोकतस कसा? एकाच जागी?"

मी थांबलो. पखवाज स्वरात लावताना काठावरचं एक घर ठोकून चढवलं की बाकीची घरं ऐकत गोल फिरावं लागतं. मी स्पोक बोटाने छेडले. ढिला कोणता ते कानाला कळलं. तासाभरात चाक खडूला न शिवता फिरू लागलं. बाळारामकाका डोळे मिटून नुसता आवाज ऐकत होते. "हां. आता पलव सायकल," ते म्हणाले.

चाकं घरी आणून सांगाड्याला बसवली आणि त्यापुढच्या रविवारी सकाळी सहाला निघालो. जेसल पार्क ते वरसावे नऊ किलोमीटरच्या आसपास. तुम्ही जाणार असाल तर सातच्या आत काशीमीरा ओलांडा, पुढे घोडबंदर रोडला ट्रकांची रांग लागते. काशीमीऱ्याला कटिंग आणि गरम भजी घेतली. चढावर उतरून ढकलली, उतारावर नाम घेतलं. तोल सुटेल म्हणून नव्हे. आनंद झाला की माझ्या तोंडी तेच येतं.

ढाब्यावर शेठ बाहेरच उभा. "अरे वा, चलाके लाया? टेम्पो में डालना था ना!"

"देने नहीं आया, शेठ. ना बोलने आया."

"ना बोलने इतना दूर? फोन करते!"

"फोन पे फिर हां बोल देता."

तो पोट धरून हसला. मला चहा पाजला, भिंतीवर आता जुनं शिलाई मशीन लावतो म्हणाला.

परत येताना ऊन चढलं होतं. मांड्या भरून आल्या. संध्याकाळी आरतीला हात जोडले तर नखांत ग्रीस होतंच. काय राहिलं म्हणाल तर एवढंच, आणि तो उतार.

त्या दुपारी घरी पोचलो तेव्हा दार सुनंदाने उघडलं. बायकोला माझी सवय पंचवीस वर्षांची. माझ्यामागे सायकल पाहून तिने विचारलं, "दिली नाहीत?"

"नाही."

"त्याला काय सांगितलंत? आजारी आहे? पुढच्या महिन्यात देतो?"

"देणार नाही म्हटलं. तोंडावर."