आ कर

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले काका टीबीच्या एका प्रकल्पात होते. नाशिकहून मोटारसायकलवर हरसूलकडच्या पाड्यांवर जायचे. पेशंटनं गोळी गिळली की म्हणायचे, "आ कर." जिभेखाली लपवली नाही ना, हे बघितल्याशिवाय उठायचे नाहीत.

पैसा एका परदेशी सरकारचा होता. तो अचानक बंद झाला. "आपला खोकला तिकडं पोचू नये म्हणून देत होते," काका म्हणाले. "आता त्यांना दुसऱ्याच कशाची तरी भीती वाटतेय."

हल्ली ते घरात एकटेच असतात. काल मी डबा द्यायला गेलो, तर त्यांनी बीपीची गोळी घेतली, पाणी प्यायले आणि माझ्यासमोर आ करून थांबले.

मी वाकून नीट पाहिलं. "गेली," म्हणालो.

तेव्हा कुठे त्यांनी तोंड मिटलं.