शिवकन्या काय म्हणाली

जवळा बाजारच्या नासेरभाईचं तोंड फाटकं आणि हात साफ, असं सगळा बाजार म्हणतो, आणि त्यात खोटं काही नाही. लॅपटॉप घेऊन कुणी दुकानात आलं की हा गडी आधी मशीनकडं बघतच नाही, माणसाकडं बघतो. "गोधडीवर ठेवून पिच्चर बघता न? अहो, खालून हवा घेतंय ते. तुमच्या तोंडावर गोधडी टाकून बसवू का घंटाभर?" गिऱ्हाईक ओशाळतं, हसतं, आणि पुढल्या वर्षी पुन्हा गोधडीवरच ठेवतं. बाप रेडिओ दुरुस्त करायचा. नासेरभाईनं टेप केले, टीव्ही केले, मोबाइल केले, आणि पोरापोरींच्या हातात लॅपटॉप आले तसे तेही करायला लागला. शाळा आठवीतच सुटलेली. पण शिकायची लाज कधी धरली नाही.

त्याच्याकडं सगळ्यात जास्त येतो तो निळ्या पडद्याचा रोग. मशीन चांगलं चालू असतं, आणि मधेच पडदा निळा होतो, त्यावर एक रडकं तोंड, खाली इंग्रजीत चार ओळी, आणि सगळं ठप्प. लोक म्हणतात व्हायरस आला. व्हायरस कसला डोंबलाचा! कधी पंख्यात कापसाचा फुफाटा बसलेला असतो, कधी रॅमची पट्टी ढिली झालेली असते, कधी सगळं साठवून ठेवणारी डिस्कच मरायला टेकलेली असते. एकेक करत बघावं लागतं. घाईच्या दुकानदाराला एवढी सबुरी कुठली? तो सरळ फॉरमॅट मारतो, म्हणजे आतलं सगळं पुसून मोकळा. नासेरभाई त्यावर चिडायचा. "डोकं दुखतंय म्हनून मुंडकंच उडवायचं का? आधी माल बाहेर, मग इलाज!" माल म्हणजे आतले फोटो, कागद, जे काय असेल ते. हा नियम त्यानं कधी मोडला नव्हता. एकदाच मोडला.

उन्हाळ्यातला बाजाराचा दिवस होता. एक बाई दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर घामानं चिकटलेला, पायात झिजलेल्या वहाणा, आणि पोटाशी धरलेला लॅपटॉप, गुलाबी ओढणीत गुंडाळलेला.

"ह्याला काय थंडी वाजून राहिली का?" नासेरभाई सवयीनं बोलून गेला. "इतकं काहून गुंडाळलं?"

"पोरीची ओढनी हाय, भाऊ," बाई म्हणाली. "पोरगी गेली माझी."

नासेरभाईनं स्टूल पुढं सरकवलं, माठातलं पाणी दिलं. बाईचं नाव कौशल्याबाई, सेनगावकडच्या साखऱ्याची. घरी मेंढरं. शिवकन्या ही तिची एकुलती एक लेक, नांदेडला नर्सिंग शिकायला होती. गेल्या पावसाळ्यात हॉस्टेलवर ताप आला, तो साधाच वाटला, आणि आई पोचेपर्यंत पोरगी शुद्धीवर नव्हती. दवाखान्याच्या धावपळीत तिचा मोबाइल कुठं पडला तेही कळलं नाही. तेराव्याला तिची मैत्रीण आकांक्षा आली, आणि जाताना म्हणाली, "काकू, दवाखान्यात जायच्या आधी तिनं तुमच्यासाठी लॅपटॉपवर व्हिडिओ केला होता. मी खोलीत नव्हते, पण तिनं सांगितलं मला. घरी गेले की मायला दाखवीन, म्हणाली."

कौशल्याबाईच्या घरी मोबाइल बटनांचा. व्हिडिओ पाठवायचा तरी कुणाला? म्हणून तो लॅपटॉपातच राहिला. आणि लॅपटॉप चालू केला की जरा वेळानं निळा. सेनगावात दाखवला, हिंगोलीत दाखवला. दोन्हीकडं एकच उत्तर, फॉरमॅट मारावा लागेल. आकांक्षानं फोनवर बजावलं होतं, काकू, फॉरमॅट करू देऊ नका, सगळं जाईल. म्हणून माऊली तो परत ओढणीत गुंडाळायची आणि पुढच्या गावाचा पत्ता विचारायची. कुणीतरी नासेरभाईचं नाव सांगितलं. हिंगोलीहून औंढा, औंढ्याहून जवळा, अशी दोन गाड्या बदलून ती आली होती.

"लेकरू माझ्यासाठी काय बोललं, तेवढं ऐकायचं हाय, भाऊ. मग हे मशीन फोडलं तरी चालंल."

नासेरभाईनं झाकण उघडलं. पंख्यातली धूळ कुंचल्यानं झाडली, रॅमची पट्टी काढली, तिच्या पिवळ्या दातांवरून खोडरबर फिरवला, परत बसवली. चालू केलं. या खेपेला मशीन लगेच निळं झालं नाही, टिकलं. कौशल्याबाईचा जीव भांड्यात पडला. नासेरभाईचा मात्र नाही. त्यानं मान वाकवून कान मशीनला लावला, बाप रेडिओला लावायचा तसा. आतून बारीक आवाज येत होता. कट्. मग जरा थांबून, कट्. रोग रॅममधे थोडा होता, डिस्कमधे फार होता. मेहमान होती ती डिस्क, आज आहे उद्या नाही.

अशा वेळी काय करायचं ते त्याला झोपेतही सांगता आलं असतं. मशीन तत्काळ बंद करायचं, डिस्क काढायची, दुसऱ्या मशीनला लावून हलक्या हातानं आतला माल उतरवून घ्यायचा. एक दिवस लागो, दोन लागो. त्याआधी तिच्याकडून कसलंही काम करून घ्यायचं नाही.

"ताई, हे ठेवून जा. पुढल्या बाजारी या. मी सगळं काढून ठेवतो."

पण कौशल्याबाईचं त्याच्याकडं लक्षच नव्हतं. पडद्यावर एका कोपऱ्यात व्हिडिओचं बारीक चित्र दिसत होतं, आणि त्या चित्रात शिवकन्याचं तोंड होतं. बाईला अक्षर वाचता येत नव्हतं, पण लेकीचं तोंड वाचायला शाळा लागते होय?

"हीच! हीच हाय माझी शिवू! लावा की भाऊ!"

"न्हाई ताई. डिस्क लई नाजूक झाली. आधी काढून घेतो, मग पाह्यजे तेवढं बघा."

"किती दुकानं हिंडले मी. समदे म्हनत्यात ठेवून जा, ठेवून जा. एकडाव तोंड दावा. मग तुमी महिनाभर ठेवा, मी काय बी म्हननार न्हाई." आणि तिनं दोन्ही हात जोडले, त्याच्या पायाकडं वाकायला लागली.

नासेरभाईची लेक सबीहा परभणीला दिलेली, शिवकन्याच्याच वयाची. ती त्याच्या डोळ्यापुढं आली. आता बोला, दगड असता तरी पाझर फुटला असता, हा तर माणूस. एवढा चाललाय, तर अजून घडीभर चालंल, असं मनाशी म्हणाला आणि त्यानं त्या चित्रावर दोनदा टिचकी दिली.

शिवकन्या पडद्यावर आली. केस विस्कटलेले, अंगावर शाल, तापानं डोळे लाल, पण हसत होती. तिनं तोंड उघडलं आणि इकडं कौशल्याबाईनं हंबरडा फोडला. "माझं लेकरू गं! शिवू! अगं माझे बाय!" ती पडद्यावरून हात फिरवत होती, गालाला गाल लावत होती. बाजारातली माणसं थांबून बघायला लागली. तिकडं पोरगी बोलतेय, इकडं आई रडतेय, आणि नासेरभाई मशीनवर वाकलेला. कट्. कट् कट्. आवाज जवळजवळ यायला लागला. मनातल्या मनात तो अल्लाची करुणा भाकत होता, इतकं पुरं होऊ दे, इतकं होऊ दे.

पडदा निळा झाला. रडकं तोंड आलं.

त्यानं परत चालू केलं. काळ्या पडद्यावर एकच ओळ, डिस्क सापडत नाही. परत केलं, तीच ओळ. आतला कट् आवाजही थांबला होता.

"आता लावा की परत," कौशल्याबाई डोळे पुसत म्हणाली. तिला वाटलं, नेहमीसारखंच निळं झालं.

"ठेवून जा, ताई," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

त्यानं करायचं ते सगळं केलं. डिस्क दुसऱ्या मशीनला लावली, तिसऱ्या मशीनला लावली. नांदेडला एक जण मेलेल्या डिस्कमधला माल काढून देतो, त्याच्याकडं स्वतः घेऊन गेला. त्यानं उघडून बघितली आणि मान हलवली. "आतल्या चकतीवर चरे पडले, नासेरभाई. हिच्यातून कोनालाच काही निघनार न्हाई." घरी बायकोनं, मदीनाबीनं, ताट वाढलं, "खाना ठंडा हो रहा जी" म्हणून दोनदा सांगितलं, तर हा भिंतीकडं तोंड करून बसलेला. जन्मभर दुसऱ्यांना शिव्या घातल्या त्यानं, घाई केली म्हणून. आता त्या सगळ्या स्वतःला घालत होता, आणि त्या पुरत नव्हत्या.

पुढच्या बाजारी कौशल्याबाई पहिल्या गाडीनं आली. नासेरभाईनं गिऱ्हाइकांना बाहेर बसवलं आणि तिला खरं ते सांगितलं. "ताई, गेलं ते. चूक माझी हाय. आधी काढून घ्यायला पाह्यजे होतं, मग लावायला. मला ठाऊक असून मी लावलं."

बाई खाली बसली, भिंतीला टेकून. नासेरभाईला वाटलं, आता ही तळतळाट देईल, आणि देऊ दे, आपण त्याच लायकीचे.

"तुमी न्हाई, भाऊ. म्याच हट्ट केला," ती म्हणाली. "तोंड तरी दिसलं." मग पदर सावरत, वर बघून तिनं विचारलं, "पर मी रडत होते. माझ्या कानात एक शब्द गेला न्हाई. तुमी तर कान लावून जवळच होते. काय म्हनली ती?"

कान लावून होता नासेरभाई, बराबर. पण डिस्कला. त्या पोरीचं एक अक्षरही त्यानं ऐकलं नव्हतं. तिनं आईला मारलेली शेवटची हाक त्याच्या कानाजवळून गेली, आणि तो कट् कट् मोजत बसला होता. ते बोलणं आता दुनियेत कुठंच नव्हतं, ना मशीनमधे, ना आईपाशी, ना त्याच्यापाशी. खराब तर खराब, मेलं तर मेलं, असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगणारा हा माणूस. त्याला त्या बाईच्या तोंडावर हे सांगता येईना.

"म्हनली..." तो म्हणाला. "म्हनली, जेवलीस का वं माय?"

कौशल्याबाईचा चेहरा हलला. "व्हय," ती म्हणाली. "फोन केला की आधी तेच इचारायची. अजून?"

"म्हनली, उन्हात मेंढरांमागं लई हिंडू नको."

"बघा की! मला म्हनती हिंडू नको!" बाई हसली, आणि हसता हसता तिनं पदर तोंडात कोंबला. नासेरभाईला तिच्याकडं बघवेना. तो उगाच टेबलावरचे स्क्रू गोळा करत बसला.

गाडीची वेळ झाली तशी ती उठली. मेलेला लॅपटॉप तिनं ओढणीत नीट गुंडाळला, पोटाशी धरला, पायरी उतरली, आणि वळून म्हणाली, "पुढल्या बाजारी येते मी, भाऊ. अजून काय म्हनली ते आठवून ठेवा."

"व्हय, ताई," नासेरभाई म्हणाला. "आठवून ठेवतो."