गेल्या वर्षीचं पुस्तक

नेरमीनबद्दल मला खरं तर फारसं काही माहीत नाही. तिचं घर मी कधी पाहिलं नाही, तिच्या आईचं नावही ठाऊक नाही. तीन वर्षं ती माझ्या दुकानात येत होती, एवढंच. मी लिहिणारा माणूस नाही. विद्यापीठाच्या फाटकासमोर दुसऱ्यांनी लिहिलेलं छापून देतो. तरी लिहायला बसलो, कारण यात माझी एक चूक आहे.

तिची आई उजव्या अंगाने लुळी पडलेली. सकाळी तिला उठवून, पुसून, भरवून होईपर्यंत इकडे तास संपलेले असत. मग मैत्रिणीच्या वह्या घेऊन नेरमीन माझ्याकडे यायची, नकला काढायला. घरी ती चार पैशांसाठी भाजीवाल्याला भरल्या वांग्यांची वांगी आतून पोखरून द्यायची, त्यामुळे बोटं कायम काळी.

"काका, पानं तुम्हीच उचला. माझा हात लागला की डाग पडतो."

"आणि मशीन अडकलं की मलाच बोलतेस."

"तुमचं मशीन अगदी माझ्या चुलत्यासारखं आहे. काम कमी, खोकला जास्त."

घर त्या चुलत्याच्याच आधाराने चालायचं. त्याने बजावून ठेवलं होतं: एका विषयात जरी नापास झालीस, तरी विद्यापीठ बंद. मग घरी बसायचं आणि आईला बघायचं.

आमच्याकडच्या विद्यापीठांत प्राध्यापक आपापलं पुस्तक विद्यार्थ्यांना विकतात. पुस्तकाच्या शेवटी प्रश्नांची एक चिठ्ठी शिवलेली असते. तिच्यावर उत्तरं लिहायची, फाडायची आणि नेऊन द्यायची. चिठ्ठी नाही तर वर्षाचे वीस गुण नाहीत. म्हणून त्या पुस्तकाची नक्कल काढून भागत नाही. तिसऱ्या वर्षी एका विषयाचं पुस्तक नेरमीनला घेता येईना. आईचं औषध महागलं होतं. माझ्या फळीवर त्याच विषयाचं गेल्या वर्षीचं पुस्तक पडून होतं, चिठ्ठी न फाडलेलं. मी ते झटकून तिच्या हातात ठेवलं. पैसे घेतले नाहीत, आणि मनातून जरा फुगलोही.

"हे चालेल ना पण, काका?"

"चाळीस वर्षं हाच धंदा करतोय, पोरी."

त्या वर्षी चिठ्ठी बदलली होती. नव्या पुस्तकात ती हिरवी होती, माझ्याकडची पांढरी. समोरच्या दुकानात नवं पुस्तक मांडलेलं होतं. रस्ता ओलांडून उघडून बघितलं असतं तर कळलं असतं. मी गेलो नाही. तिची चिठ्ठी परत आली. नवं पुस्तक घेईपर्यंत मुदत संपली आणि वीस गुण गेले. लेखी पेपर तिने वांगी पोखरता पोखरता अभ्यास करून दिला. चार गुण कमी पडले.

निकालानंतर ती पुस्तक परत द्यायला आली. वरचे डाग तिने पुसून काढले होते. ती चिडली असती तर बरं झालं असतं. चार दिवस मनात जुळवलेली माफी माझ्या तोंडातून बाहेर पडेना.

"मी बोलू का तुझ्या चुलत्याशी?" एवढंच विचारलं.

"आधी मशीनशी बोलून बघा, काका. त्याने ऐकलं तर या." ती थोडी हसली.

"चहा तरी घे."

"नको. आईला कुशीवर वळवायची वेळ झाली."

"बरं. जपून जा."

"तुमची ही पायरी हलायला लागलीय, काका. बसवून घ्या."